तळाचे वेढे

६ ऑक्टोबर

एकतीस वर्षं यारी, म्हणजे क्रेन, चालवली. पाळी संपली की आधी वहीत शेरा लिहायचा, मग हात धुवायचे. निवृत्त झालो, यारी गेली, शेरा मात्र राहिला. तर आजचा शेरा असा की सूनबाईने बंड केलं आहे.

जेवताना म्हणाली, "बाबा, टोणगा मी चालवणार."

टोणगा म्हणजे आमची एटीव्ही. चार जाड चाकं, मोटरसायकलचं हँडल आणि पुढे विंच, म्हणजे ड्रमवर तार गुंडाळून ओझं ओढणारी मोटर. ज्या वाटेला ट्रॅक्टर लांबूनच नमस्कार करतो तिथे हा चढतो. आडवी पडलेली झाडं, चिखलात रुतलेल्या गाड्या, पाण्याच्या टाक्या, काय वाटेल ते ओढून द्यायचं, हा माझ्या मुलाचा धंदा. तो चालवायचा, मी तार सांभाळायचो. ९ सप्टेंबरला विंचची तार तुटली आणि उलटी येऊन त्याच्या डाव्या पायावर बसली. नडगी दोन ठिकाणी मोडली. तेव्हापासून तो पुढच्या खोलीत उशीवर पाय ठेवून छताकडे बघत असतो. त्या दिवसाबद्दल मी इथे लिहिणार नाही. लिहून हाड जुळत नाही.

सूनबाई शिवणकाम करते. मी म्हणालो, "शिलाई मशीनला चार चाकं नसतात."

"पायडल तरी असतं," ती म्हणाली. आमची ही ताटात बघून हसली. नवऱ्याची फजिती झाली की हिला जेवण गोड लागतं.

सूनबाई पुढे म्हणाली, "पण एक सांगते. तार या घरात पुन्हा येणार नाही. धाग्याचा दोर घ्यायचा."

धाग्याचा! मी एकतीस वर्षं पोलादाने माल उचलला, आणि आता म्हातारपणी सुतावरून स्वर्ग गाठायचा.

९ ऑक्टोबर

दोघं दुकानात गेलो. मी गप्प राहायचं ठरवून गेलो होतो, म्हणजे तिची जिरली असती. पण जिरली दुकानदाराची.

त्याने आधी एक जाड पांढरा दोर पुढे टाकला. म्हणाला, "ट्रकवाले हाच नेतात, ताई." तिने तो दोन हातांत धरून ओढला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "हा नायलॉन. हा रबरासारखा ताणला जातो. तुटला तर तारेसारखाच उसळून येईल. मला न ताणणारा हवा." मग तिने कागद काढला. त्यावर आमच्या विंचची ओढ लिहिलेली, तिच्या दुपटीने दोराची ताकद हवी असं लिहिलेलं, ड्रमची रुंदी लिहिलेली. दुकानदाराने मग आतल्या खोलीतून एक राखाडी दोर आणला. सहा मिलिमीटर जाड, पंधरा मीटर, बारा पेडांचा विणलेला. हातात घेतला तर काही घेतल्यासारखंच वाटेना. याच लांबीची तार मी खांद्यावर टाकली की खांद्याला वळ उठायचा.

दुकानदार म्हणाला, "यात आठ मिलिमीटरचाही आहे. जाड म्हणजे मजबूत."

"जाड घेतला तर ड्रमवर कमी मावेल. मला लांबीही लागते," ती म्हणाली.

कापड दुकानात अस्तर निवडावं तसं तिने तो दोर इंच इंच बोटांतून सोडला, आणि मगच गुंडाळायला सांगितलं. परत येताना मी एवढंच म्हणालो, की चांगला आहे दिसायला. ती म्हणाली, "बाबा, चांगला म्हणालात, तेवढं पुरे."

११ ऑक्टोबर

आज जुनी तार काढली. दोर चढवायला मी पुढे झालो तर तिने थांबवलं. आतून पायमोजा घेऊन आली, बायकांचा, तलम. विंचच्या तोंडाशी चार लोखंडी रूळ असतात, त्यांच्यामधून तार आत-बाहेर होते. त्या रुळांवरून तिने मोजा फिरवला. पाच ठिकाणी अडकला.

"मशीनच्या पट्टीला ओरखडा असेल तर रेशीम फाटतं. तेव्हा आम्ही असंच बघतो," ती म्हणाली.

तारेने वर्षानुवर्षं घासून रुळांना दात पाडले होते. मी रोज बघत होतो आणि मला ते दिसले नव्हते. तिने ते रूळच काढून टाकले आणि ॲल्युमिनियमचं गुळगुळीत तोंड बसवलं. मला राग आला. कसला आला ते सांगता येणार नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, एवढंच लिहितो.

जुनी तार वेटोळं करून मी शेडच्या मागे टाकली. ही म्हणाली, "भंगारवाला आला की देऊन टाका." मी म्हणालो, बघू.

१५ ऑक्टोबर

मुलगा आज आपण होऊन बोलला. मी त्याला पाणी द्यायला गेलो होतो. छताकडेच बघत म्हणाला, "बाबा, त्या दिवशी मोटरचा आवाज बदलला होता का?"

मी म्हणालो, "कुठल्या दिवशी?"

"बाबा."

मग मी म्हणालो, "बदलला असेल थोडा."

"किती वेळ आधी?"

"दोन-तीन सेकंद असतील. मला काय घड्याळ लावून ठेवलं होतं?"

त्याने मान हलवली. पाणी पूर्ण प्यायला. विषय एकदाचा मिटला, बरं झालं. एवढ्या दिवसांत प्रथमच त्याने काही विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं.

१८ ऑक्टोबर

धाग्याच्या दोराचे लाड बघावेत. चिखल लागला की टबात कोमट पाणी, साधा साबण, आणि हाताने हलके चोळायचा, कारण मातीचे कण पेडांत शिरून आतून कापतात. वाळवायचा तो सावलीत, उन्हाने कुजतो म्हणे. धारेवरून न्यायचा नाही. गाठ मारायची नाही, गाठीने निम्मी ताकद जाते. टोक पोकळ सुईने दोराच्याच पोटात ओवायचं. सासूबाईंचीसुद्धा एवढी बडदास्त कधी ठेवली नसेल. हे मी मोठ्याने बोललो. ही म्हणाली, "हे मात्र खरं."

धुवायचं काम मी अंगावर घेतलं आहे. तिला शिवणाची कामं असतात, उगाच तिचा वेळ जातो. आणि तिला नीट जमत नाही, ती घाई करते.

तिने दोराची वही केली आहे. तारीख, काय ओढलं, कुठे घासला, कोणी तपासला. वरचे बारीक केस फुलले तर घाबरायचं नाही, ते चालतं. पेड कापला असेल, दोर चपटा किंवा ताठर झाला असेल, किंवा चमकत असेल, तर तो भाग बाद. हे तिने पहिल्या पानावर लिहिलं आहे. शाळेत फळ्यावर लिहितात तसं.

२३ ऑक्टोबर

खांबांचं काम मिळालं. टेकडीमागे बारा घरं आहेत, तिथे वीज न्यायची. सहा लोखंडी खांब चढाने वर ओढायचे, १२ नोव्हेंबरला. खांबांचा मुकादम येऊन बसला होता. सूनबाईकडे बघून मला म्हणाला, "काका, विंचचं बटण कोण धरणार?"

"मी," ती म्हणाली.

मुकादमाने पुढच्या खोलीकडे बघितलं. आतून मुलगा म्हणाला, "मी आता बटणाला हात लावणार नाही. पाय बरा झाला तरी नाही." 

एका तारेने पोराचा धीर खचला. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, समजू शकतो, पण म्हणून काय जेवणच सोडायचं? मी त्याला तसं म्हणालो. तो हल्ली माझ्याकडे बघतही नाही.

२५ ऑक्टोबर

घरात सगळे माझ्याकडे काहीतरी राहून गेल्यासारखं बघतात. आज हिला तसं सरळ विचारलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "कोणी बघत नाही हो. खाई त्याला खवखवे."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "आठ सप्टेंबरला संध्याकाळी तुमच्या तळहातातून चिमट्याने कुसळं काढली होती मी. चार होती."

मी म्हणालो, तारेचं काम करणाऱ्याला कुसळं लागतातच.

"लागतात ना," ती म्हणाली, आणि भाजीचं ताट घेऊन उठली.

२९ ऑक्टोबर

आज सूनबाई कापड आणायला गेली होती. मी ठरवलंच होतं. १२ तारखेला ती जिथे उभी राहणार तिथे आधी मी उभा राहणार, आणि या दोराची खोड जिरवून बघणार. तुटायचा असेल तर माझ्यासमोर तुटू दे. टोणगा घरामागच्या उतारावर नेला, तोंड खाली केलं, मागून झाडाला साखळीने बांधला. दोराला ओंडका लावला. वर ओढला, खाली सोडला. खाली सोडताना यारीवर सोडायचो तसाच, मोटरवर, सावकाश, झटका न देता. असं सात वेळा. दोराने हूं की चूं केलं नाही. मला कौतुकच वाटलं.

मग वास आला. ड्रमला हात लावला तर बोट भाजलं.

मोठ्या यारीत ब्रेक ड्रमच्या बाहेर असतो. तापला तर तो तापतो, तार थंड राहते. या टीचभर विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या पोटात आहे. भार खाली सोडताना सगळी आग त्या पोटात, आणि पोटावर गुंडाळलेला धागा. हे मला माहीत नव्हतं. विंचच्या पुस्तिकेत होतं. आता वाचलं.

सगळा दोर सोडून बघितला. वरचा उत्तम आहे. तळाचे पंधरा-सोळा वेढे चमकतात, ताठ झालेत, दोन ठिकाणी एकमेकांना चिकटले होते, ते नखाने सोडवले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. याचा पीळही वितळला.

पण तळाचे दहा वेढे तसेही कधी सुटत नाहीत, पकड राहावी म्हणून ते ड्रमवरच ठेवायचे असतात. राहिले पाच-सहा. एवढा पूर्ण दोर कोण कधी सोडतो? परत नीट गुंडाळला. वहीत लिहिलं, तपासला, ठीक. चालेल.

३१ ऑक्टोबर

काही विशेष नाही. दोर धुतला. मळलेला नव्हता.

४ नोव्हेंबर

सूनबाईने दोरीने चढ मोजला. तीन टप्पे. पहिल्या दोन टप्प्यांत टोणगा जवळ उभा करता येतो. तिसऱ्यात मधे खडक आहे, टोणगा वरच उभा राहणार, खांब खालून येणार.

रात्रीच्या जेवणाआधी तिने हिशेब दाखवला. "शेवटच्या टप्प्याला सगळा दोर सोडावा लागेल. ड्रमवर बरोबर दहा वेढे उरतात. बसतंय."

मी म्हणालो, "थोडा जवळ उभा कर ना टोणगा."

"खडकावर?"

मी म्हणालो, काम पुढे ढकल. जमीन ओली आहे. ती म्हणाली, पंधरा दिवसांत थेंब पडलेला नाही. मी म्हणालो, माझा गुडघा दुखतो आहे. ती म्हणाली, मग तुम्ही घरी थांबा. पालथ्या घड्यावर पाणी.

७ नोव्हेंबर

मनाशी पक्कं केलं आहे की शेवटच्या टप्प्याला बटण मी धरणार. दोराच्या सर्वांत जवळ मी असणार. धाग्याचा दोर तुटला तरी मारत नाही, जागच्या जागी पडतो, हे तर तिनेच सांगितलं आहे. मग काय होणार? काही नाही होणार.

१० नोव्हेंबर

मुलाचं प्लास्टर निघालं. पाय काठीसारखा बारीक झाला आहे. कुबड्या दिल्या आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाड छान जुळलं, आता रोज चाला. घरी आल्यावर तो दारापर्यंत चालला, टोणग्याकडे बघितलं आणि परत फिरला. सूनबाई म्हणाली, "मनावर घेतलंय त्याने फार."

मी विचारलं, "काय मनावर घेतलंय? पाय तर जुळला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मलाही सांगत नाही तो."

११ नोव्हेंबर

उद्या सकाळी निघण्याआधी तिला सांगतो. चार वाक्यं आहेत. पाठ करून ठेवली आहेत.

१२ नोव्हेंबर

सकाळी सांगितलं नाही. ती डबे भरत होती.

पहिले दोन टप्पे उत्तम झाले. सूनबाई बटण धरते ती बघत राहावी अशी. दाबते, सोडते, दोराकडे बघते, परत दाबते. दोरावर मधोमध ओली गोधडी टाकायला विसरत नाही, म्हणजे तुटला तरी उसळायला नको. मुकादम सकाळी तिला "अहो" म्हणत होता, दुपारी "ताई" म्हणायला लागला.

तिसऱ्या टप्प्याला टोणगा वर लावला. दोर खाली जायला लागला. जात राहिला. मी ड्रमपाशी होतो. राखाडी वेढे संपले आणि चमकणारे दिसायला लागले. मी म्हणालो, "दे, बटण मी धरतो." तिने दिलं. एवढ्या विश्वासाने दिलं.

मग मी खाली बघितलं. तारेची सवय असलेला माणूस दोराच्या रेषेत कोण उभं आहे तेवढंच बघतो. रेषेत कोणीच नव्हतं. पण खांबाच्या खाली दोन माणसं होती, एक या अंगाला, एक त्या अंगाला, पहारी घेऊन, खांब घसरू नये म्हणून. दोर तुटला तर दोर कोणाला मारणार नव्हता. खांब मारणार होता. मी दोन आठवडे दोराचाच विचार करत बसलो होतो, आणि दोराच्या टोकाला काय बांधलं आहे हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

मी बटण खाली ठेवलं. म्हणालो, "माणसं बाजूला घ्या. तळाचा दोर जळला आहे."

सूनबाई धावत आली. वेढ्यांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "केव्हा?"

"एकोणतीस ऑक्टोबरला. मी जाळला. आणि वहीत ठीक लिहिलं."

मुकादम ऐकत होता, त्याची माणसंही ऐकत होती. मला वाटलं होतं, ती ओरडेल. तिने दोन वेळा श्वास घेतला आणि विचारलं, "कितपत? खरं सांगा, बाबा. अंदाज नको."

"चार मीटर कापावा लागेल. म्हणजे खात्री."

"बाकीचा?"

"बाकीचा चांगला आहे. मी शब्द..." असं म्हणायला गेलो आणि थांबलो. म्हणालो, "तू स्वतः बघ."

तिने बघितला. सगळा, हाताने, इंच इंच. पाऊण तास गेला. मग कात्री काढली आणि चार मीटर कापून टाकला. टोक ओवून ड्रमला बसवलं, झाडाला बांधून ताण देत पुन्हा गुंडाळला. मुकादमाला सांगितलं की दोर आखूड झाला आहे, प्रत्येक खांब निम्म्यात झाडाला साखळीने अडकवून दोन ओढींत घ्यावा लागेल. तो म्हणाला, "अंधार पडेल." ती म्हणाली, "मग चार आज, दोन उद्या." आणि तसंच केलं.

घरी येताना ती टोणगा चालवत होती, मी मागे बसलो होतो. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "बाबा, मी तुमच्या एका शब्दावर त्या माणसांना खांबाखाली उभं केलं होतं."

मी म्हणालो, हो.

 लाज वाटली. या वयात अशी लाज वाटेल असं वाटलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर

उरलेले दोन खांब दुपारपर्यंत वर गेले. घरी आलो, हात धुतले आणि मुलाच्या खोलीत गेलो. काल एक सांगून झालं होतं. दुसरं आज सांगायचंच होतं. नाहीतर मग कधी?

तो खिडकीशी कुबड्या टेकवून बसला होता. मी उभ्यानेच बोललो. म्हणालो, "आठ सप्टेंबरला संध्याकाळी मी तार पुसत होतो. चार ठिकाणी तारा तुटून कुसळं वर आली होती. हातात घुसली. मला कळत होतं की तार बाद झाली आहे. एकतीस वर्षं हेच शिकलो. पण नवी आणायला एक दिवस मोडला असता, आणि मी म्हटलं, हा हंगाम चालेल. तुला सांगितलं नाही. तार त्याच जागी तुटली. मी नंतर जाऊन बघितली."

तो माझ्या तळहातांकडे बघायला लागला. 

मग म्हणाला, "आणि मोटरचा आवाज?"

"आवाज बदलला नव्हता. मी खोटं सांगितलं."

त्याचा चेहरा असा झाला की मी खाली बसलो. म्हणाला, "बाबा, नऊ आठवडे मी इथे पडून तोच आवाज ऐकतोय. मला वाटत होतं, मी बटण जास्त दाबलं. मोटर ओरडत होती आणि मला ऐकू आलं नाही. म्हटलं, माझ्या हातून पाय गेला, तर उद्या हिच्यावर किंवा तुमच्यावर बेतेल. म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, दोन-तीन सेकंद."

मी म्हणालो, "मला वाटलं, विषय मिटेल."

"मिटला ना. मी मोजत बसलो. दोन-तीन सेकंदांत बटण सोडता येतं की नाही. रोज मोजलं."

मग तो रडला. माझा एवढा मोठा मुलगा. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो तर त्याने बाजूला केला. आमची ही दारात उभी होती. मला म्हणाली, "तुम्ही बाहेर या आता." मी आलो. हिला माहीत होतं का, हे मी विचारलं नाही. माहीत असतं तरी सांगायचं मलाच होतं.

१५ नोव्हेंबर

तो माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे. पण काल अंगणात तीन फेऱ्या मारल्या, आज सात. सूनबाई म्हणते, काल त्याला नीट झोप लागली. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा, म्हणते.

शेडमागची जुनी तार भंगारवाल्याला दिली. देण्याआधी तुटलेली जागा पुन्हा एकदा बघितली. आता बघून उपयोग नव्हता, पण बघितली.

१८ नोव्हेंबर

सूनबाईला म्हणालो, "दोराचं काम तू दुसऱ्या कोणाला दे. मी टबात पाणी भरेन, बाकी काही नको."

ती मापं लिहीत होती. पेन्सिल कानावर ठेवून म्हणाली, "चूक तुम्ही केलीत म्हणून दोर जळतो कसा, हे या घरात सगळ्यांत चांगलं तुम्हालाच माहीत आहे. धुणार तुम्हीच, तपासणार तुम्हीच. पण भार खाली सोडायचा असेल तर मोटरवर नाही. आणि वहीत 'चालेल' लिहायचं नाही. एक तर ठीक, नाहीतर बाद."

मी हो म्हणालो. घर सोडून जायला सांगितलं असतं तरी हो म्हणालो असतो. हे तर अवघड होतं.

१९ नोव्हेंबर

दोर धुतला. सावलीत टांगला. पेड वेगळे करून आत बघितलं, दर वीत. एका ठिकाणी हातभर लांबीत केस फुललेत, ते चालतं. तरी वहीत लिहिलं, कुठे आणि किती.

२२ नोव्हेंबर

नवा दोर आला, पूर्ण पंधरा मीटरचा. आखूड झालेला छोट्या कामांना ठेवला. नवा तपासून मी वहीत ठीक लिहिलं, सही केली. मुलगा कुबड्या टाकत शेडमध्ये आला. नऊ दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलला.

"वही बघू."

दिली. त्याने माझ्या सहीशेजारी रेघ मारून आणखी एक रकाना पाडला.

"यापुढे तुम्ही बघितल्यावर मी बघणार. दर वेळी. तुम्ही ठीक म्हणालात तरी."

"बघ," मी म्हणालो.

स्टुलावर बसून त्याने पंधरा मीटर दोर बोटांतून सोडला. मी समोर उभा. माझंच काम माझ्या मुलाने पुन्हा तपासावं, आणि मला ते हवंसं वाटावं. असं काही होईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्याला काही सापडलं नाही. त्याने सही केली.

मग नवा दोर ताणात गुंडाळायचा होता. एक टोक झाडाला, टोणगा उतारावर, विंच स्वतःलाच झाडाकडे ओढणार. सूनबाईने बटण हातात घेतलं आणि त्याच्याकडे बघितलं. मग ते पुढे केलं. त्याने एक कुबडी माझ्याकडे दिली. बटण घेतलं. अंगठा ठेवला, पण दाबेना. चांगला मिनिटभर दाबेना. मला काही तरी बोलावंसं वाटत होतं, धीराचं, पण माझ्या बोलण्याने आधीच पुरेसं नुकसान झालं आहे, म्हणून मी कुबडी धरून उभा राहिलो.

त्याने मान वर केली आणि दोराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा, दोराच्या रेषेत उभे आहात. तिकडे सरका."

मी सरकलो. तेव्हा त्याने बटण दाबलं.